श्वसनमार्गे घेतल्या जाणाऱ्या इन्सुलिनचा इतिहास : मधुमेही प्रवाशाच्या दृष्टीने एक अभ्यास

प्रस्तावना :

औषधांचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिला जातो. शोध कोणी लावला, पारितोषिक कोणास मिळाले, यावर त्याचा भर असतो. औषध घेणाऱ्या माणसाने ते कोठे ठेवले, प्रवासात कसे नेले आणि किती मात्रेत घेतले, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात. औषधाच्या वेष्टणात घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक हे या दृष्टीने इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या साधनाच्या आधारे फुप्फुसांवाटे घ्यावयाच्या इन्सुलिनचा मागोवा येथे घेतला आहे.

सुईचा काळ :

१९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. इन्सुलिन हे प्रथिन असल्याने पोटात गेल्यावर पचून जाते. म्हणून सुईवाचून गत्यंतर नव्हते. मधुमेही प्रवाशाच्या पिशवीत काचेची सिरिंज, ती उकळण्याचे भांडे आणि स्पिरिट हा संसार आला तो तेव्हापासून. सुई टाळण्याची इच्छाही तितकीच जुनी आहे. १९२५ मध्येच जर्मनीत गेन्सलेन यांनी रुग्णांना इन्सुलिनचे तुषार हुंगावयास दिले होते. रक्तातील साखर उतरली खरी. परंतु दिलेल्या औषधाचा अगदी अल्प अंश रक्तात पोहोचत होता. इन्सुलिन महाग असताना एवढी नासाडी परवडणारी नव्हती आणि ती कल्पना सुमारे सहा दशके मागे पडली. दरम्यान १९८५ मध्ये इन्सुलिनचे पेन आले आणि सुईच बरीच सुसह्य झाली. पुढील अपयशाचा विचार करताना हा मुद्दा विसरता येणार नाही.

एक्झुबेरा : शीतपेटीपासून मुक्ती, मात्रेचा घोळ

जानेवारी २००६ मध्ये फायझर कंपनीच्या ‘एक्झुबेरा’स अमेरिकेत व युरोपात मान्यता मिळाली. नेक्टार या कंपनीच्या तंत्राने बनविलेली ही कोरडी भुकटी होती. तिला शीतकपाटाची गरज नव्हती. उलट ती त्यात ठेवू नये, अशीच सूचना होती. शत्रू होता तो ओलावा. वेष्टणाची पन्नी फोडल्यावर तीन महिन्यांत पुड्या संपवाव्यात आणि त्या न्हाणीघरात ठेवू नयेत, असे माहितीपत्रक बजावत असे. बर्फाच्या शोधात फिरणाऱ्या प्रवाशाची एक मोठी चिंता येथे मिटली होती.

पण उपकरणाचे काय? मिटलेले असताना चष्म्याच्या घराएवढे आणि उघडल्यावर जवळजवळ फूटभर लांब, असे ते यंत्र होते. चारचौघांत, रेल्वेच्या डब्यात ते तोंडाला लावणे किती जणांना रुचले असते? त्याची नळी आठवड्यातून एकदा धुवावी लागे आणि आतील एक भाग दर दोन आठवड्यांनी बदलावा लागे.

मात्रेचा प्रश्न याहून गंभीर होता. इन्सुलिन युनिटमध्ये मोजण्याची सवय असलेल्या रुग्णाच्या हाती आता मिलिग्रॅम आले. १ मिलिग्रॅमची पुडी सुमारे ३ युनिटांएवढी, तर ३ मिलिग्रॅमची सुमारे ८ युनिटांएवढी मानली जाई. म्हणजे लहान तीन पुड्या एका मोठ्या पुडीएवढ्या नव्हत्या. त्यांतून अधिक इन्सुलिन शरीरात जाई. परगावी मोठ्या पुड्या संपल्या तर त्याऐवजी लहान दोनच घ्याव्यात, तीन नव्हे, आणि साखर वरचेवर तपासावी, असा निर्देश होता. साध्या अंकगणिताने चालणारा प्रवासी येथे फसला असता आणि साखर घसरून बेशुद्ध होण्याचा धोका त्याने ओढवून घेतला असता.

ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरने हे उत्पादन सोडून दिले आणि २.८ अब्ज डॉलरचा भार हिशेबात दाखविला. २००८ मध्ये नोव्हो नॉर्डिस्क व लिली यांनीही आपापले तत्सम प्रकल्प थांबविले. त्याच वर्षी एक्झुबेरा घेतलेल्या, पूर्वी धूम्रपान करणाऱ्या काही रुग्णांत फुप्फुसाचा कर्करोग आढळल्याची नोंद पुढे आली. संख्या लहान होती. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण संशय राहिला.

अफ्रेझा : लहान यंत्र, पुन्हा थंडावा

उद्योजक आल्फ्रेड मान यांच्या मॅनकाइंड कंपनीचे ‘अफ्रेझा’ जून २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. (नावाचे साम्य असलेल्या भारतीय औषध कंपनीशी तिचा संबंध नाही.) सनोफीने त्याची विक्री हाती घेतली; जानेवारी २०१६ मध्ये तो करार मोडल्याचे जाहीर झाले. तरीही औषध टिकले.

याचे यंत्र तळहातात मावते, धुवावे लागत नाही आणि पंधरा दिवसांनी टाकून देता येते. मात्रा पुन्हा युनिटमध्ये आली : ४, ८ व १२ युनिटांची निळी, हिरवी व पिवळी काडतुसे. मात्र एक-दोन युनिटांचा फरक करावयाचा झाल्यास त्यास येथे वाव नाही. जेवणाच्या आरंभी औषध घ्यावयाचे असल्याने गाडी रखडून जेवण लांबले तरी आधीच टोचून बसल्याची धास्ती उरत नाही. परंतु पहिल्या प्रकारच्या मधुमेहात दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन सोबत टोचावेच लागते. म्हणजे सुई पिशवीतून गेलीच नाही. दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्यांस तर हे औषध वर्ज्य आहे, आणि ते सुरू करण्यापूर्वी सर्वांचीच श्वसनक्षमता तपासावी लागते.

साठवणीच्या बाबतीत मात्र इतिहास उलटा फिरला. बंद पाकिटे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाची. बाहेर काढल्यास दहा दिवसांत आणि काडतुसांची पट्टी फोडल्यास तीन दिवसांत संपवावयाची. थंड काडतूस वापरण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर ठेवावे लागते आणि यंत्रात घातल्यावर ते आडवे, स्थिर धरावे लागते. हलले वा उलटे झाले तर भुकटी सांडून मात्रा कमी पडते. एस.टी.च्या मागच्या बाकावर बसलेल्या प्रवाशाने हे कसे साधावे, याचा विचार पत्रक लिहिणाऱ्यांच्या मनात आला नसावा.

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीस अफ्रेझाच्या भारतातील वितरणासाठी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची मान्यता मिळाली. आपल्याकडे वीज नसलेल्या घरांत इन्सुलिनची बाटली माठाशेजारी वा ओल्या वाळूत ठेवण्याची रीत आहे आणि टोचावयाच्या इन्सुलिनसाठी ती पुष्कळ उपयोगी पडली आहे. ओलावा न सोसणाऱ्या भुकटीस ती चालणार नाही. शिवाय पत्रकातील दहा दिवसांची मुदत सुमारे २५ अंशांची खोली गृहीत धरून दिलेली आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो.