वायफायची चावी कुणाकुणाच्या हातात? घरच्या राऊटरला असं लावा पक्कं कुलूप

हिंगोली : आखाड्यावर हळदीची पोती असली की दाराला कुलूप लावल्याशिवाय कुणी घरी येत नाही. घरातल्या वायफायचं मात्र तसं होत नाही. जोडणी करायला आलेल्या पोराने टाकलेला पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच राहतो, नाहीतर घरमालकाचा मोबाईल नंबरच पासवर्ड असतो, आणि तो नंबर तर अख्ख्या गावाला पाठ असतो. फुकटात कुणी चार व्हिडिओ पाहिले तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण प्रश्न डेटाचा नाही, नावाचा आहे. जोडणी ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.

नवी मुंबईत काय घडलं होतं?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. तपास करताना पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोहोचले, कारण मेल तिथल्या इंटरनेट जोडणीवरून गेला होता. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याची कसून चौकशी झाली, संगणक तपासले गेले. शेवटी निघालं ते असं, की त्याच्या वायफायचा वापर दुसऱ्याच कुणी केला होता. त्यानंतरच्या दोन महिन्यांत असेच मेल माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक खासगी कंपनी यांच्या वायफायवरून गेले. माणूस निर्दोष ठरला खरा, पण तोवर व्हायचा तो मनस्ताप झालाच.

आज दहशतवादाचीच गोष्ट हवी असं नाही. कुणी तुमच्या वायफायवरून फसवणुकीचा व्यवहार केला किंवा कुणाची बदनामी करणारी पोस्ट टाकली, तरी पहिला माग तुमच्याच जोडणीपर्यंत येतो.

'एन्क्रिप्शन की' म्हणजे काय?

वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्या भिंत ओलांडून गल्लीत, शेजारच्या ओसरीवरही जातात. त्या पकडणं अवघड नाही. म्हणून राऊटर आणि मोबाईल आपसातलं बोलणं सांकेतिक करून पाठवतात. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात आणि ते बोलणं उलगडणाऱ्या चावीला 'की'.

आपण टाकतो तो पासवर्ड हवेतून जसाच्या तसा जात नाही. पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र करून ४,०९६ वेळा गणित फिरवलं जातं आणि २५६ बिटांची मूळ की तयार होते. मोबाईल जोडला की तिच्यापासून त्या वेळेपुरती वेगळी की निघते. म्हणजे कुलूप मजबूतच आहे. कच्चा राहतो तो पासवर्ड.

कोणतं कुलूप कसं?

• ओपन : कुलूपच नाही. कुणीही या, कुणीही वापरा.
• डब्ल्यूईपी : १९९७ मधलं. २००१ मध्येच त्यातल्या खोट्या उघड झाल्या. आता काही मिनिटांत तुटतं. वापरूच नये.
• डब्ल्यूपीए : २००३ मध्ये आलेली तात्पुरती दुरुस्ती. हेही आता जुनं झालं.
• डब्ल्यूपीए-२ : २००४ पासून. यात 'एईएस' हा पर्याय निवडावा. पासवर्ड चांगला असेल तर घरासाठी पुरेसं.
• डब्ल्यूपीए-३ : २०१८ पासून, सर्वात पक्कं. चोराला घरी बसून निवांत अंदाज लावता येत नाहीत. जुने मोबाईल किंवा कॅमेरे यावर जुळत नसतील तर 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' असा मिश्र पर्याय निवडावा.

मोबाईल नंबर पासवर्ड का नको?

डब्ल्यूपीए-२ मध्ये मोबाईल राऊटरला जोडताना जी देवाणघेवाण होते, ती पकडून ठेवता येते. मग संगणकावर एकेक पासवर्ड लावून बघता येतो. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्य असलेले एकूण नंबर ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाने सेकंदाला ५ लाख नंबर तपासले तर ८,००० सेकंदांत, म्हणजे सव्वादोन तासांत सगळे संपतात. जन्मतारीख असेल तर सेकंदभरही लागत नाही.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द आणि मध्ये एखादा आकडा घ्यावा. बैलगाडी, चिंच, ४७, पाटा, कंदील अशा धर्तीवर, इंग्रजी अक्षरांत. लक्षात राहायला सोपा आणि ओळखायला अवघड. मात्र हाच पासवर्ड ठेवू नये, आता तो सगळ्यांनी वाचला आहे.

राऊटरमध्ये असं करा

१. राऊटरच्या मागे किंवा खाली स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) वायफायला जोडलेल्या मोबाईलच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाका.
२. स्टिकरवरचं युजरनेम आणि पासवर्ड टाकून आत जा. चालला नाही तर जोडणी देणाऱ्याकडून मागून घ्या.
३. आत जाण्याचा हा पासवर्ड सगळ्यात आधी बदला. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. बहुतेक जण हीच पायरी विसरतात.
४. 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन'मध्ये 'सिक्युरिटी' उघडा. वर सांगितल्याप्रमाणे प्रकार निवडा, नवा पासवर्ड टाका आणि 'सेव्ह' करा.
५. 'डब्ल्यूपीएस' बंद करा. त्याचा पिन ८ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालं आहे.
६. आता सगळे मोबाईल, टीव्ही, कॅमेरे नव्या पासवर्डने पुन्हा जोडा. जो जोडला जाणार नाही तो आपला नव्हता, असं समजा.

नवा पासवर्ड आणि राऊटरच्या आत जाण्याचा पासवर्ड वहीत लिहून पेटीत ठेवावा. भिंतीवर नको.

पाहुणे, दुकान आणि हॉटस्पॉट

पाहुण्यांना पासवर्ड दिला की तो भाच्याच्या मित्रापर्यंत जातो. जोडणीचा क्यूआर कोडही पासवर्डच आहे. त्याचा फोटो ग्रुपवर टाकणं म्हणजे चावी चावडीवर टांगणं. राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते चालू करून वेगळा पासवर्ड द्यावा आणि लग्नकार्य आटोपलं की बदलावा. सेवा केंद्र किंवा कृषी दुकान चालवणाऱ्यांनी ग्राहकांना कामाच्या संगणकाचं नेटवर्क देऊच नये. तिथे लोकांचे आधार आणि सातबारे असतात.

शेतात मोबाईलचा हॉटस्पॉट लावतानाही सेटिंगमध्ये 'ओपन' किंवा 'नन' राहिलेलं नाही ना, हे पाहावं आणि काम झालं की बंद करावा.

हे कुलूप काय राखत नाही?

ही चावी मोबाईल ते राऊटर एवढ्याच वाटेची राखण करते. कुणी फोन करून ओटीपी मागितला आणि आपण दिला, तर कोणतंही एन्क्रिप्शन कामाला येत नाही. वायफायचं नाव लपवल्यानेही फार फरक पडत नाही, ते सहज शोधता येतं.

लबाडीने दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

सगळं मिळून काम अर्ध्या तासाचं. लाईट असताना आजच उरकून घ्यावं.