शिवेवरचं रान



गावाला शीव असते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिवेवर कुठे ओढा असतो, कुठे बांध, कुठे वडाचं झाड, कुठे शेंदूर लावलेला दगड. शीव दोन गावांना वेगळं करते. पण शिवेवरचा ओढा दोन्ही गावांचा असतो. वरच्या गावाने त्यात घाण टाकली, तर खालच्या गावाच्या हंड्यात ती येतेच. हीच गोष्ट दोन देशांच्या शिवेवर घडते तेव्हा काय होतं? जंगल एक आणि देश दोन, अशा वेळी ते जंगल कोण राखतं? आज आपण त्याचा इतिहास पाहू.

आम्ही मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत बचत गटांचं काम करतो. म्हणून सुरुवात आमच्याच दारापासून करतो. मुंबईत रेल्वेचं एक स्टेशन आहे, शीव. इंग्रजांनी त्याचं ‘सायन’ केलं. पण मूळ शब्द आपलाच, शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट तिथे संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी बेट सुरू व्हायचं. आमची आजची सगळी उपनगरं त्या साष्टीत येतात.

ही नुसती दोन बेटांची शीव नव्हती, एके काळी ती दोन राज्यांची शीव होती. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहाने हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे 1661 मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं आणि मुंबई बेट आंदण म्हणून द्यायचं कबूल झालं. 1665 मध्ये ते इंग्रजांच्या हाती आलं. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे लग्न लागलं सातासमुद्रापार आणि शीव पडली आमच्या माहीमच्या खाडीत! अलीकडे माहीमला इंग्रजांचा किल्ला, पलीकडे वांद्र्याला पोर्तुगीजांचा. वांद्र्याला आणि ठाण्याला पोर्तुगीज येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात घेत. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. शंभराहून जास्त वर्षं मुंबईहून वांद्र्याला जाणारा माणूस दुसऱ्याच राज्यात जात होता.

या साष्टीच्या मधोमध डोंगर आणि जंगल आहे. त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी आणि पावसाचं पाणी साठवायला कातळात खोदलेली टाकी. तीन राजवटी आल्या आणि गेल्या, झेंडे बदलले, जकातनाके बदलले, तरी जंगल आपल्या जागी राहिलं. त्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी अशी माणसं राहत आली. वारल्यांच्या वाघोबाला कुठल्याही राज्याची शीव ठाऊक नव्हती. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी वाघाची पूजा करायची आणि आपण आपल्या वाटेने जाऊ, तू तुझ्या वाटेने जा, असं मनोमन ठरवायचं. कागदावर न लिहिलेला हा करारच म्हणा ना.

खाडीवरची शीव पुढे पुसली कशी, तेही सांगण्यासारखं आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूल नव्हता. लोक होडीने जात, पावसाळ्यात होड्या उलटत. पैसे नाहीत म्हणून सरकार रस्ता बांधेना. तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभॉय या पारशी बाईंनी स्वतःचे दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. येणाऱ्याजाणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, अशी त्यांची अट होती. जिथे एके काळी जकात लागत होती, तिथली शीव एका बाईने फुकट ओलांडण्याजोगी केली.

आता जंगलाकडे वळू. इंग्रजांनी या जंगलाची काळजी घ्यायला सुरुवात केली ती वाघासाठी नव्हे, पाण्यासाठी. मुंबईच्या विहिरी पुरेनात. 1854 मध्ये पाण्याचा मोठा दुष्काळ पडला. मग साष्टीच्या डोंगरात विहार तलाव बांधला. तो 1860 मध्ये पुरा झाला, त्यानंतर 1879 मध्ये तुळशी तलाव. तलावाभोवती जंगल राहिलं, तरच तलावात गाळ कमी येतो आणि पाणी चांगलं राहतं. बायांना हे कुणी शिकवायची गरज नाही. स्वातंत्र्यानंतर याच जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं. आधी त्याला बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणत, आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. त्याचा विस्तार सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे.

देशांची शीव गेली, पण जिल्ह्यांची आली. 1990 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. आज या उद्यानाचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात आहे, बाकीचा मुंबई उपनगरात. उत्तरेला वसईची खाडी ओलांडली की तुंगारेश्वरचं अभयारण्य लागतं. ते 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. एकच रान, पण जिल्हे तीन आणि महानगरपालिकाही वेगवेगळ्या. मध्ये घोडबंदर रस्ता, महामार्ग आणि रेल्वे आहे ती वेगळीच.

हे सगळं जनावराला कसं दिसतं, याची एक खरी गोष्ट आहे. 2009 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात माग काढणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय त्याच्या मागावर होत्या. वयस्क म्हणून त्याला सगळे आजोबा म्हणू लागले. हा आजोबा शंभराहून जास्त किलोमीटर चालला. कसाऱ्याजवळचे रेल्वेरूळ, मोठा महामार्ग, वसईचा कारखान्यांचा पट्टा आणि शेवटी खाडी ओलांडून तो आमच्या जंगलात येऊन पोचला. वाटेत त्याने कुठल्याही माणसाला दुखवलं नाही. 2011 मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला. 2014 मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. आजोबाने किती तालुके आणि किती वनविभाग ओलांडले, हे माणसांनी मोजलं. त्याच्या दृष्टीने ती एकच वाट होती, आणि ती वाट एका शिवेपाशी राखली आणि पुढच्या शिवेपाशी सोडून दिली, तर त्याचा उपयोग नाही.

जगात दोन देशांनी मिळून रान राखायचा पहिला मोठा प्रयोग 1932 मध्ये झाला. कॅनडाचं वॉटरटन आणि अमेरिकेचं ग्लेशियर, अशी शिवेला लागून असलेली दोन उद्यानं होती. त्या दोन्ही मिळून आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान जाहीर झालं. आपल्याकडे आसाममधलं मानस आणि शिवेपलीकडचं भूतानचं रॉयल मानस हेही एकाच रानाचे दोन तुकडे. आसामातल्या अशांततेच्या काळात आपल्या बाजूच्या मानसची इतकी हानी झाली की 1992 मध्ये ते धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत गेलं. ते त्या यादीतून बाहेर यायला 2011 साल उजाडलं. पूर्वी शिकार करणारे काही जण पुढे राखणदार झाले आणि पलीकडे भूतानचं रान शाबूत होतं, याचाही मोठा आधार झाला. शेजारचं घर धड असलं की आपल्या घरालाही हात मिळतो, तसंच हे.

पण मैत्रिणींनो, या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. दोन सरकारं हात मिळवतात, तेव्हा शिवेवर राहणाऱ्या माणसाला कुणी विचारतं का? ग्लेशियर उद्यानाचा पूर्वेकडचा भाग ब्लॅकफीट या आदिवासींचा होता. 1895 मध्ये तो सरकारने त्यांच्याकडून घेतला. शांततेचं नाव मिळालं ते नंतर. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि झिंबाब्वे या तीन देशांनी 2002 मध्ये करार करून ग्रेट लिंपोपो नावाचं मोठं उद्यान केलं. तिन्ही शिवा मिळतात, त्या कोपऱ्यात मकुलेके नावाचे लोक राहत होते. 1969 मध्ये त्यांना तिथून उठवलं आणि ती जमीन क्रुगर उद्यानात घातली. गोऱ्यांची राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला आणि 1998 मध्ये जमीन परत मिळवली. मग त्यांनी काय केलं? तिथे जंगलच ठेवायचं ठरवलं. पण आता मालक ते स्वतः, आणि कारभारात उद्यानाच्या बरोबरीने भागीदार. ज्यांना रानाचे शत्रू म्हणून उठवलं होतं, त्यांनीच ते रान राखलं.

हे आम्हाला फार जवळचं वाटतं, कारण आमच्या शिवेवरही बायाच राहतात. जंगलाच्या कडेला एका बाजूला पाडे, दुसऱ्या बाजूला चाळी आणि वस्त्या. 2002 ते 2004 या वर्षांत बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. भीती होती ती शौचाला अंधारात बाहेर जाणाऱ्या बाईला, पाण्याच्या नळावर पहाटे रांग लावणाऱ्या मुलीला. बिबटे पकडा आणि दूर सोडा, अशी मागणी झाली. पण एका ठिकाणचा बिबट्या पकडून अनोळखी रानात सोडला, तर हल्ले उलट वाढतात, हे जुन्नर भागातल्या नोंदींवरून अभ्यासकांनी दाखवलं. म्हणजे आपली पीडा शिवेपलीकडे ढकलली, की ती दुसऱ्या कुणा बाईच्या दारात जाते.

2011 पासून वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून वेगळी वाट धरली. कचऱ्याचे ढीग असले की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून कचरा उचला, रस्त्याला दिवे लावा, जवळ शौचालय द्या, मुलांना संध्याकाळनंतर एकटं सोडू नका. साध्या गोष्टी आहेत. पण यांतल्या निम्म्या गोष्टी पालिकेने करायच्या आहेत, निम्म्या बायांच्या माथी येतात. दिवा आणि शौचालय मिळालं नाही, तर नुसत्या सूचनांनी बाई सुरक्षित होत नाही, हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

आणि आभाळातलीही एक शीव आहे. घाटकोपर–मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. तिथे दर वर्षी हजारो फ्लेमिंगो येतात, आपण त्यांना रोहित म्हणतो. मध्य आशियापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या, सुमारे 30 देशांवरून जाणाऱ्या पाखरांच्या हवाई वाटेवर ही खाडी आहे. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं. 2022 मध्ये ती रामसर स्थळ ठरली. रामसर हे इराणमधलं गाव. 1971 मध्ये तिथे अनेक देशांनी पाणथळ जागा राखण्याचा करार केला होता. तरीही मे 2024 मध्ये घाटकोपरवर एका उतरत्या विमानाची धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले आणि लोकांच्या गच्च्यांवर, गल्ल्यांत पडले. करार होतो एका गावी आणि पाखरू पडतं दुसऱ्याच अंगणात. म्हणून त्या अंगणातल्या माणसालाही करारात जागा हवी.

इतिहासातून आम्ही घेतलं ते एवढंच. शीव माणसं आखतात आणि माणसंच पुसतात. रान टिकतं ते शिवेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांशी बोलून ठरवलं तर, आणि त्या बोलण्यात तिथे राहणारी बाई असेल तर.

तुमच्या गावाच्या शिवेवरही गायरान, देवराई, ओढा किंवा तळं असेल. पुढच्या मासिक बैठकीत तेवढा एक विषय घ्या. ते राखतं कोण? शेजारच्या गावातल्या गटाशी त्याबद्दल कधी बोलणं झालं आहे का? तुमचं गाव जंगलाला लागून असेल, तर 2006 चा वन हक्क कायदा लक्षात ठेवा. नवराबायको असतील, तर हक्काचा दाखला दोघांच्या नावाने मिळतो. ग्रामसभेच्या वन हक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. त्या जागा भरल्या आहेत का आणि नुसत्या सहीपुरत्या आहेत का, ते विचारा. शेजारच्या गावच्या गटाला आपल्या बैठकीचं बोलावणं पाठवा. चहा आपण करू, पुढच्या वेळी त्या करतील. शिवेवरच्या रानाचं बोलणं तिथूनच सुरू होईल.