उंदीर पडला की घर सोडावे! वऱ्हाडातील घर, प्लेग आणि दोन फुटांवरचा पिंजरा

१/ घरात उंदीर आपोआप मरून पडू लागले की घर सोडावे आणि शेतात झोपडी घालून राहावे. सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील लोक या नियमाने वागत होते. त्यामागील कारण सिद्ध करण्यास वैद्यकशास्त्राला मात्र जवळपास एक दशक लागले. त्या दशकाची ही कथा. #थ्रेड

२/ दर्यापूर हे पूर्णेच्या खोऱ्यातील, चंद्रभागा नदीकाठचे तालुक्याचे गाव. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी ही या मुलखाची ओळख. जुने वऱ्हाडी घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, वर कवेलू किंवा धाबे, खाली शेणाने सारवलेली जमीन. पावसाळ्यात ही घरे आतून उबदार, दमट आणि काळोखी असत.

३/ अशा घरात माणसाबरोबर इतरांचेही बिऱ्हाड असे: धान्यातील सोंडकिडे, खाटेतील ढेकूण, भिंतीतील वाळवी आणि छपरातील उंदीर. प्रत्येकासाठी उपाय ठरलेला होता. धान्य कडक उन्हात वाळवावे, त्यात कडुनिंबाचा पाला किंवा राख घालावी, खाटा उन्हात टाकाव्यात.

४/ यांतील सर्वांत विलक्षण उपाय म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा करून त्यात ज्वारी भरत आणि तोंड मातीने बंद करत. आत धान्य व किडे श्वसन करीत, प्राणवायू संपत जाई आणि किडे गुदमरून मरत. नुकत्याच उघडलेल्या पेवात घाईने उतरलेला माणूसही दगावे. म्हणून पेव उघडल्यावर आत वारा खेळू देत.

५/ पेवाने किडा आवरला, परंतु रोजच्या वापराचे धान्य घरातील कणगीतच राही. कवेलूंखाली आणि मातीच्या भिंतीत बिळे करणारा घरउंदीर त्यावर पोसला जाई. तोवर उंदीर म्हणजे धान्याचा चोर, एवढीच त्याची ओळख होती. १८९६ मध्ये ती ओळख बदलली.

६/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग होता. माणसे मरण्याआधी तेथे उंदीर मरत होते. ही गोष्ट अनेकांनी पाहिली. तिचा अर्थ मात्र कोणालाही नीट लागला नाही.

७/ मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्येच नागपूरला पोहोचला होता. मूर्तिजापूर, बडनेरा या स्थानकांवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई आणि परतीच्या गाड्यांतून माणसे व माल येई. पुढील काही वर्षांत प्लेग वऱ्हाडातही शिरला. धान्याच्या गोणीत लपलेल्या पिसवेला तिकीट लागत नव्हते.

८/ सरकारचा उपाय कोणता? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात सैनिक घराघरांत शिरले. रुग्ण शोधून रुग्णालयात आणि त्यांचे आप्त विलगीकरणाच्या छावणीत नेले गेले, घरातील सामान जाळले गेले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या.

९/ त्याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

१०/ रोगजंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा, रुग्णाचा स्पर्श, दूषित जमीन असे नाना तर्क होते. म्हणून भिंतींना चुना फासला गेला, गटारांत जंतुनाशके ओतली गेली, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. आघात घरावर आणि घरातल्या माणसावर होत होता. खरा वाहक त्यातून सुटून शेजारच्या घरात जात होता.

११/ २ जून १८९८, कराची. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी एका बरणीत प्लेगने आजारी, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला. जवळच जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, तरी निरोगी उंदीर प्लेगने मेला. मधले अंतर ओलांडणारी पिसू होती.

१२/ सिमाँ यांचे म्हणणे बहुतेकांनी स्वीकारले नाही. १८९८–९९ च्या पहिल्या भारतीय प्लेग आयोगानेही पिसवेला महत्त्व दिले नाही.

१३/ गावकरी मात्र आपल्या नियमाने वागत होते. उंदीर पडले की गाव ओस पडे आणि शिवारात झोपड्या उभ्या राहत. हा नियम स्वस्त नव्हता. रिकाम्या घरात चोरीचे भय, उघड्यावर हिवाळ्याची थंडी, म्हातारे आणि बाळंतिणी यांचे हाल. ज्याला स्वतःचे शेतच नव्हते, त्याने झोपडी कोठे घालावी? तरीही लोक बाहेर पडत, कारण राहण्याची किंमत त्याहून मोठी होती.

१४/ मुंबईत डॉ. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले. उंदीर मेलेल्या जागी गिनीपिगच्या अंगावर पिसवा गोळा होत, त्याही बहुतांशी उंदरांवरच्या जातीच्या. सूत्र हाती येऊ लागले. १९०५ मध्ये नवा आयोग परळच्या प्रयोगशाळेत कामास लागला. हीच प्रयोगशाळा पुढे हाफकिन संस्था म्हणून प्रसिद्ध झाली.

१५/ निर्णायक प्रयोग साधाच होता. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, तर काही दोन फूट उंच टांगले. हवा सर्वांना तीच होती. जमिनीलगतच्या प्राण्यांना प्लेग झाला, टांगलेले वाचले. पिसवेची उडी दोन फुटांपर्यंत पोहोचत नाही. कोंदट हवेचा सिद्धांत येथे कोसळला.

१६/ गावकऱ्यांच्या नियमाचा अर्थ आता उलगडला. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते. उपाशी पिसवा ते सोडून नवे ऊबदार रक्त शोधतात. जवळ दुसरा उंदीर नसेल, तर माणूस असतो. उंदीर पडणे ही सूचना होती आणि घर सोडणे म्हणजे पिसवेच्या आवाक्याबाहेर जाणे होते.

१७/ ऋतूचे कोडेही सुटले. पिसवेला उबदार, दमट हवा मानवते. कोरड्या, तापलेल्या हवेत ती फार काळ तगत नाही. म्हणून कडक उन्हाळ्यात प्लेग ओसरे आणि पुढे अनुकूल ऋतूत पुन्हा डोके वर काढी.

१८/ यातून घरगुती कीडनियंत्रणाचा एक मोठा धडा मिळाला. साथ सुरू असताना केवळ उंदीर मारत सुटणे घातक ठरते, कारण प्रत्येक मेलेला उंदीर आपल्या पिसवा मोकळ्या करतो. आधी पिसू मारावी, मग उंदीर. आणि साथ नसताना उंदराचे अन्न आणि आसराच तोडावा.

१९/ परळला हे प्रयोग सुरू झाले त्याच १९०५ साली वऱ्हाडातील एक तरुण घर सोडून निघाला. दर्यापूरजवळच्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेला डेबूजी, म्हणजेच गाडगे महाराज. गावात शिरताच हाती खराटा घ्यायचा, रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांना जागे करायचे, हा त्यांचा क्रम होता.

२०/ त्यांचा खराटा प्रयोगशाळेतून आला नव्हता. तरीही तो त्याच दिशेने चालला होता. पिसवेची अंडी जमिनीवर गळतात, अळ्या धुळीत आणि फटींतील केरकचऱ्यात वाढतात. सांडलेले धान्य उंदराला बोलावते. चुना आणि बंदुका घेऊन आलेल्या सरकारपुढे लोकांनी दारे लावली. खराटा घेऊन आलेल्या माणसासाठी ती उघडली.

२१/ भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. पुढे तो ओसरला, तरी धडा जुना झाला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पडझड झालेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर पडले, मग पिसवांचा त्रास वाढला आणि पाठोपाठ प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. क्रम तोच होता.

२२/ हा क्रम लोकांनी १८९६ नंतरच्या दोन-चार वर्षांतच ओळखला होता. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसवेचा दोष ठाऊक नव्हता. परंतु घरात आधी कोण मरते, याकडे त्यांचे लक्ष होते. अधिकाऱ्यांनी घरे उकरण्याआधी त्या घरांत राहणाऱ्यांना एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित अनेक जीव वाचले असते: "उंदीर केव्हा पडले?"