जुवाखालची जोडी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अर्धापूर भागात खांदेमळणी असते. बैल धुऊन आणायचे, त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. वर्षभर जू जिथे बसतं तिथलं कातडं जाड होऊन त्याचा घट्टा झालेला असतो. केस झडलेले, कडेने थोडं खरखरीत. एका बैलाचा खांदा चोळून झाला की हात लगेच दुसऱ्याकडे जातो, आणि कुणी न सांगता कळतं की वर्षभर जास्त कुणी ओढलं. एकाचा घट्टा मोठा आणि टणक, दुसऱ्याचा जेमतेम. अशी जोडी घरच्या वावरात निभावते. पटावर निभावत नाही.

पट म्हणजे शंकरपट. जुन्नर-आंबेगावकडे घाटात गाडे पळतात, सांगली-साताऱ्याकडे गट पाडून शर्यती होतात. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आमच्या मराठवाड्याच्या पट्ट्यात शंकरपट. लोक शंकराचा संबंध नंदीशी लावतात आणि बोलताना शंकराला वगळून नुसतं ‘पट’ म्हणतात: पट भरला, पटाची जोडी, पटाचा बैल. सरळ धावपट्टी, हलका छकडा, दोन बैल, वर एक धुरकरी. निकाल घड्याळावर लागतो. सेकंद सारखे आले तर सेकंदाच्या पुढचे आकडे बघायचे, त्यांना पटावर ‘पॉइंट’ म्हणतात. मला कूळ शोधायचं आहे ते या धावण्यातल्या जोडीचं. घोडा एकटा पळतो, पैलवान एकटा लढतो. बैल शर्यतीत उतरला तो सोबत्याला घेऊन.

उत्तर वावरात सापडतं. आमच्या काळ्या रानात एका बैलाचं काम नाही. वखर असो, तिफण असो, कोळपं असो, जू दोघांच्या खांद्यावर असतं. त्यातला एक पाऊलभर पुढे राहिला की तास वाकडं होतं. पेरणीत वाकडं झालेलं तास पुढे पीक निघेपर्यंत वाकडंच राहतं आणि येणारा-जाणारा ते बघतो. म्हणून जोडीची पारख करणारी नजर शर्यतीच्या कितीतरी आधी तयार झालेली आहे. ज्याच्याकडे एकच बैल, तो शेजाऱ्याशी वारंगुळा करतो: तुझा एक, माझा एक, दोन दिवस तुझं रान, दोन दिवस माझं. दोन दावणींचे बैल एका जुवाखाली कसे चालतील हे ज्ञान त्या गरजेतून आलं. पटाने ते उचललं आणि त्याला वेग दिला.

ही गरज किती जुनी, ते भाषेतच दिसतं. ‘जू’ हा शब्द संस्कृत ‘युग’पासून आला. काळाचं युग पुढचं, आधीचं युग बैलांच्या मानेवरचं. ‘योजन’ हे अंतराचं माप त्याच घराण्यातलं: एकदा जुंपल्यावर न सोडता कापायची वाट. जुवाचे पट्टे ते ‘जोत’, मूळ शब्द ‘योक्त्र’. आणि ‘धुर’ म्हणजे गाडीचा तो भाग जिथे ओझं येतं. तो भार वाहणारा तो धुरंधर, आणि धुरीणही तोच. सभेत आज ज्यांना आपण धुरीण म्हणतो त्यांच्या नावात बैलाचा खांदा आहे. त्याच शब्दाचा पटावरचा सख्खा नातेवाईक धुरकरी. थकून ‘मान टाकणं’ हेही जुवाखालूनच आलं असावं असं मला वाटतं. बैलाने मान टाकली की सोबती एकटा कितीही ओढो, गाडी पुढे जात नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १०२वं सूक्त आहे. मुद्गल नावाचा ऋषी शर्यत जिंकतो, बैलाच्या जोरावर. यास्काचं निरुक्त या गोष्टीत एक विलक्षण तपशील सांगतं: जुवाखाली एका बाजूला बैल होता आणि दुसऱ्या बाजूला द्रुघण, म्हणजे लाकडाचा सोटा. सोबती बैल नसताना मुद्गलाने जोडी लाकडाने पुरी केली. एकट्या बैलाला एकटा धाववणं त्याच्या मनातच आलं नाही! आणि रथ हाकायला होती मुद्गलानी, त्याची बायको. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायका छकडा हाकतात, तेव्हा लोक तो नवा काळ म्हणून पाहायला जमतात. मला तेव्हा मुद्गलानी आठवते.

आता पटाची जोडी. पळण्यात नाव खिल्लारचं. आमच्या नांदेडचा लाल कंधारी आणि लातूरकडचा देवणी ओढीला पक्के. देवणीत पुन्हा वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तीन प्रकार, अंगावरच्या काळ्या रंगावरून ओळखायचे. रंग जुळला तर डोळ्याला बरं वाटतं, पण जाणता माणूस आधी उंची बघतो, मग पाऊल. एकाचं पाऊल लांब आणि दुसऱ्याचं आखूड असलं की छकडा आखूड पावलाकडे ओढ खातो, आणि सरळ पट्टीवर धुरकऱ्याचा सगळा वेळ कासरा आवरण्यात जातो. दाती कच्चा गोऱ्हा असला तर त्याला आधी जाणत्या बैलाच्या शेजारी जुंपतात. महिनोन्महिने. जाणता बैल थांबला की गोऱ्हा थांबतो, वळला की वळतो. माणसाने शिकवण्याआधी सोबत्याने शिकवलेलं असतं. आणि इतकं करूनही जोडीचा वेग ठरतो तो दोघांतल्या कमी पळणाऱ्यावर. चांगल्या बैलाला पुढे निघून जाता येत नाही. जू त्याला धरून ठेवतं.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे सगळं थांबलं. बैलांना आर टोचणं, शेपूट पिरगळणं, चावणं हे शर्यतींमध्ये होत होतं, आणि ज्याने बैलाचा खांदा हाताने चोळला आहे त्याने त्याचं समर्थन करू नये. राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं बैलाच्या हिशेबात फार मोठी. बंदीच्या वर्षी दोन दाती असलेला गोऱ्हा परवानगी येईपर्यंत उतरणीला लागलेला होता. जोड्या मोडल्या, एकेक बैल कामाला लागला किंवा बाजारात गेला. तोवर आमच्याकडे केळीत आणि उसात ट्रॅक्टर आले होते. बैल विकत आणता येतो, जुळलेली जोडी पुन्हा घडवावी लागते.

जुवाशिवाय जोडी कशी धावेल, हा प्रश्न मोटारसायकलवाल्यांना पडलेला आहे. स्पीडवे नावाची शर्यत: मातीचा लंबगोल, चार स्वार, चार फेऱ्या, ५०० सीसीची गाडी, तिला ब्रेक नाही आणि गिअर एकच. वळणावर मागचं चाक घसरवत, माती उडवत जायचं. या खेळाची सुरुवात सांगितली जाते ती ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलँडची, १५ डिसेंबर १९२३ची. मैदान शेतकी प्रदर्शनाचं होतं आणि शर्यत भरवणारे जॉनी हॉस्किन्स हे तिथल्या शेतकी संस्थेचे सचिव. आमच्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत पशुप्रदर्शन भरतं तशाच जागी हा यंत्रांचा खेळ जन्मला, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला.

पुढे त्यात जोड्यांची स्पर्धा आली. एका देशाचे दोन स्वार विरुद्ध दुसऱ्याचे दोन. १९७० साली स्वीडनमधल्या मालमो इथे पहिलं अधिकृत जागतिक विजेतेपद न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगर आणि रॉनी मूर यांनी घेतलं. तेव्हा गुण होते ३, २, १, ०. म्हणजे एकाने सोबत्याला मागे टाकून पहिला यावं आणि सोबती शेवटचा राहावा, तरी बेरीज ३. दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या जोडीचीही ३. बरोबर चालणाऱ्यांना जास्त काही मिळत नव्हतं. २०१८ पासून भरणाऱ्या ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ स्पर्धेत आता गुण ४, ३, २, ० असे आहेत. पहिला आणि शेवटचा मिळून ४, दुसरा आणि तिसरा मिळून ५. आता पुढचा स्वार वळणावर मान वळवून सोबती कुठे आहे ते बघतो, स्वतःचा वेग आवरतो, त्याला आतली बाजू मोकळी करून देतो. लाकडाचं जू घालता येत नव्हतं, तर त्यांनी ते आकड्यांत घातलं.

मार्गशीर्षात माळेगावच्या बाजारात असा एखादा माणूस हमखास दिसतो, ज्याच्या हातात एकाच बैलाचा कासरा असतो. तो विकायला आलेला नसतो. दुसऱ्याच्या बैलाशेजारी आपला उभा करतो, मागे चार पावलं सरतो आणि दोन्ही पाठींची रेघ एक होते का ते बघतो. मग वशिंडाजवळ जाऊन दोघांच्या खांद्यांवर एकेक पंजा ठेवतो, डोळे मिटतो. जुळलं नाही तर कासरा ओढून पुढच्या दावणीकडे जातो.