रिकामा गोल

फॉर्म सगळा नीट भरायचा आणि खालच्या चौकटीत टिक करायचं राहून जायचं, हे आपल्यापैकी प्रत्येकाचं झालेलं आहे. फॉर्म लाल अक्षरांत ओरडतो, आपण दोन शिव्या घालून टिक करतो, विषय संपतो. मतपत्रिका मात्र ओरडत नाही. सॅन दिएगोच्या २००४ च्या महापौर निवडणुकीत नेमका हाच घोळ झाला.

शहराच्या पेन्शन फंडात तेव्हा अब्जाहून जास्त डॉलर्सचा खड्डा होता. वर्तमानपत्रांतून 'समुद्रकाठचं एन्रॉन' असं नावही पडलं होतं (आपल्याला एन्रॉन म्हटलं की दाभोळ आठवतं, ते सोडा). मतपत्रिकेवर दोनच नावं होती, महापौर डिक मर्फी आणि रॉन रॉबर्ट्स. दोघेही रिपब्लिकन. मतदानाला जेमतेम पाच आठवडे उरले असताना डोना फ्राय मैदानात उतरल्या. त्या नगरसेविका होत्या आणि त्यांचं सर्फबोर्डांचं दुकान होतं. छापील यादीत नाव जायची वेळ टळून गेली होती. त्यामुळे मतदाराने रिकाम्या ओळीवर त्यांचं नाव हाताने लिहायचं आणि शेजारचा गोल पेनाने भरायचा!

आणि लोकांनी लिहिलं की हो! मर्फी १,५७,९५९, फ्राय १,५५,८५१. फरक २,१०८ मतांचा.

डिसेंबरात वृत्तमाध्यमांच्या मागणीवरून मतपत्रिका पुन्हा पाहिल्या, तेव्हा साडेपाच हजारांहून जास्त मतपत्रिकांवर फ्राय यांचं नाव होतं, पण गोल रिकामा. ही मतं धरली असती तर त्या तीनेक हजारांनी जिंकत होत्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात गोल भरायची अट होती. प्रकरण कोर्टात गेलं, मर्फी कायम राहिले.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी कोर्टाच्या बाजूने होतो. नियम आधी सांगितलेला, इनपुट चुकलं, रिजेक्ट. आपल्या धंद्याची सवयच ती. पण मग लक्षात आलं, की तो गोल मुळात मशीनसाठी आहे. हा कागद बाजूला काढ, यावरचं नाव माणसाला वाचायचंय, एवढंच मशीनला कळावं म्हणून. इथे तर कागद माणसाच्या हातात आलेला आणि नाव समोर दिसत होतं. आता तो गोल कोणासाठी? 'मतदाराच्या मनातलं ओळखत बसलो तर थांबायचं कुठे' हा मुद्दा मला पटतो, पण इथे ओळखायचं काही शिल्लकच नव्हतं.

मर्फींना ते पद काही लाभलं नाही. पेन्शनच्या गदारोळात एप्रिल २००५ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि जुलैत ते गेले. त्यांच्या जागी आलेले प्रभारी महापौर तीनच दिवसांत एका वेगळ्याच खटल्यात दोषी ठरले आणि पायउतार झाले (तो निकाल पुढे कोर्टाने फिरवला). पुन्हा निवडणूक लागली. पहिल्या फेरीत फ्राय सगळ्यांच्या पुढे होत्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या फेरीत माजी पोलीसप्रमुख जेरी सँडर्स यांना साधारण ५४ टक्के मतं पडली आणि त्या हरल्या. या वेळी त्यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं होतं.