पर्यायी इंटरनेट जोडणी
मुख्य इंटरनेट वाहिनी खंडित झाल्यास व्यवसायाचे काम चालू ठेवणारी दुसरी, स्वतंत्र जोडणी. २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे काम सुरू झाले (पहा : भारतनेट), मात्र खोदकामात केबल तुटली की सेवा थांबते. दोन जोडण्यांचा राउटर अशा वेळी डेटा वाहतूक आपोआप ४जी किंवा ५जी सिमकडे वळवतो. दुसरी जोडणीही केबलची असून दोन्ही केबल एकाच चरातून आल्यास पर्याय नाममात्रच उरतो. वीज गेल्यास राउटरला इन्व्हर्टरही लागतो. बँक शाखा, सेवा केंद्रे व यूपीआय घेणारी दुकाने यांना पर्यायी जोडणी अत्यावश्यक आहे. उपग्रहाद्वारे मिळणारे इंटरनेट हाही एक पर्याय आहे; महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट कंपनीशी केलेल्या इरादापत्रानुसार उपग्रह सेवेसाठी (पहा : उपग्रह संदेशवहन) गडचिरोली, नंदुरबार, वाशिम यांसोबत धाराशिव जिल्ह्याचाही विचार झाला आहे.