गावाचं नाव, शेताचं नाव

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीला कर्जाच्या कागदांसाठी सगळ्याजणी सातबारे घेऊन आल्या होत्या. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असं छापलेलं असतं. आम्ही एकेक कागद बघत गेलो, तर सगळ्यांची ती जागा रिकामी. म्हणून आज नावांवर बोलायचं ठरवलं.

कराडपासून सुरुवात करू. मध्य प्रदेशात भारहुत इथं दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, आणि त्यात आपलं कराड आहे, ‘करहकट’ म्हणून. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचं दान कोरलंय, तोही इथलाच. संस्कृतात करहाटक. करहाट म्हणजे कमळाचा कंद, असा एक अर्थ कोशात मिळतो. पुढं कऱ्हाड, मग कराड. राज्यं बदलली, भाषा बदलली, नाव तोंडातोंडांत झिजलं पण टिकलं.

साताऱ्याचं वेगळंच. किल्ल्याचे तट, बुरूज, दरवाजे मिळून सतरा, म्हणून सातारा असं सांगतात. सांगलीत सहा गल्ल्या होत्या म्हणून सांगली, असंही सांगतात. ऐकायला गोड, पण नाव आधी आणि गोष्ट मागून जुळवलेली, असं पुष्कळदा होतं. मिरजेचं तसं नाही. शिलाहार राजांच्या लेखांत ‘मिरिंज’ लिहिलेलंच आहे.

आता जतकडं चला. तिथं जालिहाळ गाव आहे, बुद्रुक आणि खुर्द. कन्नडमध्ये जाली म्हणजे बाभूळ. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं, हे शब्द फारसी. एका गावाच्या पाटीवर कानडी झाड आणि फारसी कचेरी शेजारीशेजारी! आणि आपण ते मराठीत वाचतो. असं जगभर झालंय. इंग्लंडात इंग्रजी येण्याआधी केल्टिक लोकांच्या भाषा होत्या. त्यांच्या बोलीत नदीला जे म्हणत, त्यावरूनच एव्हन हे नाव आलं. नंतर आलेल्यांनी तेच नाव धरलं, म्हणजे ते आजही ‘नदी नदी’च म्हणतात. बोली गेली, पण पाण्याचं नाव राहिलं.

म्हणून जुनं ते सगळं जपायचं का? आम्हाला नाही वाटत. आमच्या एका मैत्रिणीच्या वस्तीचं नाव जातीवरून होतं. रजिस्टरात पत्ता सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला बरं वाटलं. आता कागदावर बदल झालाय. तोंडात मात्र काहींच्या अजून जुनंच येतं, आणि ते कधी मुद्दाम येतं, हेही आम्ही ऐकलंय.

शेतांच्या नावांवर असं ओझं नसतं. ती बहुतेक झाडावरून, दगडावरून, पाण्यावरून पडलेली. जमीन एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, पण नावं घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडातच राहिली. बैठकीला एकीच्या सासूबाई आल्या होत्या. त्यांना शाळा माहीत नाही. त्यांना म्हटलं, “आत्या, तुमच्या रानाची नावं सांगा बघू.” त्या बोटं मोडत सांगायला लागल्या: नदीकाठची मळी, विहिरीचा डाग, बाभळीची पट्टी, वरचा खडकाळ माळ.

“बाभळी कुठायत आता तिथं?” सून म्हणाली. “सगळा ऊस.”

“माझ्या लग्नात होत्या,” आत्या म्हणाल्या.

आम्ही चारही नावं गटाच्या रजिस्टरात मागच्या पानावर लिहून घेतली. बाकीच्या पुढच्या बैठकीला आपापल्या घरची विचारून येणार आहेत. सातबाऱ्यावरची ती जागा भरायची कशी, हे तलाठ्यांना विचारायला दोघीजणी सोमवारी जाणार आहेत.